कोऱ्या नमुन्यांवरच्या माझ्या सह्या

विधानसभेला पहिल्यांदाच आणि तेही अपक्ष उभं राहायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझे पैसे बुडाले, पण ते दुःख लहान आहे. माझी उमेदवारीच एका माणसाने परस्पर दुसऱ्या उमेदवाराला विकली, आणि त्या व्यवहारातल्या प्रत्येक कागदावर सही माझी होती. असं काही होऊ शकतं हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर त्या रात्री मी पेन खाली ठेवलं असतं.

चौदा वर्षं मी महिला बचत गटांचं काम करते. महिन्याच्या बैठकीत जमाखर्च मोठ्याने वाचायचा आणि मगच सह्या घ्यायच्या, ही शिस्त आमच्या गटांना मीच लावली. रेशन, पाणी, दारूबंदीचे अर्ज यांसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवताना बायकाच म्हणायला लागल्या, ताई, आता तुम्हीच उभ्या राहा. डिपॉझिटचे दहा हजार त्यांनी वर्गणीतून जमवले. म्हणूनच पुढचं सगळं सांगायला इतके दिवस लागले.

२०२४ ची निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली. अर्ज भरायला २२ ते २९ ऑक्टोबर, ३० तारखेला छाननी, ४ नोव्हेंबर माघारीचा शेवटचा दिवस आणि २० ला मतदान. मधे दिवाळी. अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर, आणि १८ च्या संध्याकाळी प्रचार थांबतो. म्हणजे आपलं चिन्ह लोकांपर्यंत न्यायला हातात जेमतेम चौदा दिवस. एवढ्यात मतदारसंघ पालथा घालायचा, की कार्यालयात बसून फॉर्म भरायचे? कुणीतरी कागदपत्रांचं बघतो म्हटलं की जीव भांड्यात पडतो.

तो अशाच वेळी आला, ओळखीच्या माणसाकडून. "इलेक्शन मॅनेजमेंट करतो, ताई. तुम्ही फक्त फिरा." सुरुवातीला त्याने खरोखर चांगलं काम केलं, हे मुद्दाम सांगते. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक, म्हणजे आपलं नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार, लागतात, निवडणूक खर्चाचं वेगळं बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडावं लागतं, नमुना २६ च्या, म्हणजे मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती देण्याच्या, प्रतिज्ञापत्रात एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, जिथे काही नाही तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहायचं, हे सगळं त्याला पाठ होतं. छाननीत माझा अर्ज पहिल्या झटक्यात वैध ठरला. एका अनुभवी उमेदवाराचा अर्ज किरकोळ चुकीसाठी तासभर अडकला होता. त्या दिवसापासून मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला.

त्याआधी साठ हजार घेऊन त्याने मला एक सर्व्हे दिला होता. रंगीत आलेख, गावनिहाय टक्के, "महिला मतदारांत प्रचंड सहानुभूती". त्याचं पुढे येईलच.

४ नोव्हेंबरला रात्री तो कागदांचा गठ्ठा घेऊन घरी आला. वर नमुना १०, म्हणजे मतदान प्रतिनिधी नेमण्याचा फॉर्म. "साडेतीनशेच्या आसपास केंद्रं आहेत, ताई. प्रत्येक बूथवर तुमचा एजंट नको का? सह्या आज उरकू, नावं मी भरतो." खाली वाहन परवान्यांसाठी माझी कोरी लेटरहेडं. रात्री एक वाजेपर्यंत मी सह्या करत होते. आमच्या गटातल्या एक मावशी चहा घेऊन आल्या, एक कागद उचलून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "यात नाव कुठंय?" मी म्हटलं, नंतर भरणार आहेत. त्या गप्प बसल्या. मोठ्याने वाचल्याशिवाय सही नाही, हा माझाच नियम त्यांनी मला आठवून दिला होता. मला तो ऐकूच आला नाही.

पैशांत माझी स्वतःचीही चूक आहे, ती लपवत नाही. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख. माझं सगळं अंदाजपत्रक सहा लाखांचं, त्यामुळे मर्यादेची भीती नव्हतीच. पण एका व्यक्तीला दहा हजारांपेक्षा जास्त रक्कम द्यायची तर ती चेकने किंवा खात्यातून द्यावी लागते. हा नियम मला पहिल्याच भेटीत त्यानेच समजावला होता. दहा दिवसांनी तोच म्हणाला, "पोरांना रोज संध्याकाळी रोख द्यावी लागते, व्हाउचर आपण वेगवेगळ्या नावांनी करू." दीड लाख त्याला निवडणूक खात्यातून गेले. दोन लाख ऐंशी हजार रोख गेले, पावतीशिवाय. त्या रोख पैशांनी माझं तोंड बांधलं गेलं हे मला नंतर कळलं. तक्रार करायची तर आधी स्वतःचा नियमभंग कबूल करावा लागतो, आणि तो माणूस नेमका याच भरवशावर होता.

प्रचाराच्या काळात खर्च निरीक्षक उमेदवाराची खर्चाची वही तीनदा तपासतात. पहिल्या तपासणीला त्याने आपला माणूस पाठवला. दुसऱ्या वेळी मी हट्टाने स्वतः गेले. तिथे प्रशासनाची एक स्वतंत्र छाया नोंदवही असते, त्यांच्या पथकांनी पाहिलेला खर्च तिच्यात लिहिलेला असतो. माझ्या वहीत दोन गाड्या होत्या, एक जीप आणि एक रिक्षा. छाया नोंदवहीत सहा. अधिकारी म्हणाले, "मॅडम, चार गाड्या कमी दाखवल्यात. परवाने तुमच्याच नावाचे आहेत, अर्जावर सही तुमची." नंबर वाचून दाखवले, एकही माझ्या ओळखीचा नव्हता. मी लगेच फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "क्लेरिकल मिस्टेक आहे ताई, अशा नोटिसा सगळ्यांनाच येतात. उत्तर मी देतो." मतदानाला सहा दिवस उरले होते. मी ते मानलं. आज सांगते, त्या टेबलावरून न उठता तिथेच लेखी द्यायला हवं होतं की हे परवाने मी मागितलेले नाहीत, ते रद्द करा. त्या चार गाड्या एका मोठ्या उमेदवाराचा प्रचार करत फिरत होत्या. काचेवर माझ्या नावाचा परवाना, आत त्याची पत्रकं, आणि खर्च माझ्या नावावर.

याच दिवसांत आणखी एक फोन आला होता, "मशीन मॅनेज करून देतो" म्हणणारा. तो मी ठेवून दिला, कारण त्याच वर्षी मे महिन्यात विधान परिषदेतले तेव्हाचे विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांच्याकडे ईव्हीएमच्या नावाखाली अडीच कोटी मागणाऱ्या माणसाला छत्रपती संभाजीनगरात पकडल्याची बातमी वाचलेली होती. अनोळखी चोर मला ओळखता आला. घरात बसून चहा पिणारा ओळखता आला नाही.

२० तारखेला पहाटे साडेपाचला मी आमच्या भागातल्या एका केंद्रावर पोहोचले. सात वाजता मतदान, त्याच्या दीड तास आधी एजंटांसमोर मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी, होतो. आत बाकावर एक मुलगा बसलेला. केंद्राध्यक्ष म्हणाले, "हे तुमचेच प्रतिनिधी ना?" मी त्या मुलाला कधी पाहिलं नव्हतं. त्यानेही मला ओळखलं नाही. त्याच्या हातात माझा नमुना १० होता आणि सही अस्सल होती. केंद्राध्यक्षांकडे उमेदवाराच्या सहीचा नमुना असतो, त्याच्याशी ती जुळत होती. त्यांनी काय करायचं? मी दुसऱ्या केंद्रावर गेले, तिसऱ्या केंद्रावर गेले. सगळीकडे तेच. इलेक्शन मॅनेजमेंटवाल्याचा फोन बंद.

प्रत्येक उमेदवाराचा केंद्रात एका वेळी एकच एजंट बसू शकतो. मोठ्या उमेदवाराला माझ्यासारख्या दोन-तीन अपक्षांचे कागद मिळाले की त्याची एकाऐवजी तीन-चार माणसं आत बसतात. कोण येऊन गेलं, कोण राहिलं, सगळं टिपतात. माझ्या बाबतीत ते एवढ्यावरही थांबले नाहीत. केंद्राच्या वाटेवर माझ्या नावाचे कागद दाखवून आमच्या गटांतल्या बायकांना सांगितलं गेलं की ताई बसल्या, त्यांनीच तिकडे मत द्यायला सांगितलंय. बायकांनी कागद पाहिला, सही ओळखली. बँकेच्या कागदांवर त्यांनी माझी सही शंभरदा पाहिलेली आहे.

नमुना १० ने केलेली नेमणूक नमुना ११ ने रद्द करता येते. हे मला तेव्हा माहीत असतं तर निदान काही केंद्रांवर तरी मी त्यांना उठवू शकले असते. उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने कोऱ्या नमुना ११ च्या प्रती, सही न करता, सोबत ठेवाव्यात. प्रत्येक नमुना १० ला स्वतःचा क्रमांक द्यावा, समोर बसलेल्या माणसाचं नाव आधी लिहावं आणि मगच सही करावी. जितके एजंट खरोखर ओळखीचे, तितकेच नेमावेत. माझे चाळीसच असते तरी चाललं असतं. आणि आपल्या नावाने किती वाहन परवाने निघालेत, त्याची यादी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून दर दोन दिवसांनी स्वतः मागावी.

२३ तारखेला निकाल लागला. वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत, डिपॉझिट जप्त झालं. ते होणार याची मनाची तयारी होती. आठवड्याने गटाच्या बैठकीत एक बाई, जिने वर्गणीला शंभर रुपये दिले होते, मला सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, किती घेतले, खरं सांगा." तयारी नव्हती ती याची.

डिसेंबरात खर्चाच्या ताळमेळाच्या बैठकीला शेजारच्या मतदारसंघातले एक अपक्ष भेटले. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून एक सर्व्हे काढला. तेच आलेख, तेच टक्के, तीच "महिला मतदारांत प्रचंड सहानुभूती". फक्त गावांची नावं वेगळी. माणूसही तोच. त्यांनीही कोऱ्या कागदांवर सह्या दिल्या होत्या.

निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. वकील म्हणाले, रोख रकमेचं काय करायचं ते जपून ठरवा. मी सगळं लिहिलं. रोख दिलेले दोन लाख ऐंशी हजारही लिहिले, आणि ज्या चार गाड्या माझ्या नव्हत्या, त्यांचं निवेदन वेगळं जोडलं. मग पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा अर्ज दिला. गुन्हा अजून दाखल झालेला नाही. पुरावा मागतात, आणि माझ्याकडे आहेत त्या सगळ्या माझ्याच सह्या.

मार्चमध्ये तो केंद्रावरचा मुलगा घरी आला. त्याला सातशे रुपये आणि जेवण मिळालं होतं, कागद कुणाचा आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याची आई आमच्याच एका गटात आहे. तिनेच त्याला पाठवलं. लेखी द्यायला तो तयार झाला. त्याने सांगितलं तसं मी दीड पान लिहून काढलं. तो पेन उघडून सही करायला वाकला, तेव्हा मी कागद त्याच्या हाताखालून ओढून घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत त्याला मोठ्याने वाचून दाखवला.