जड इस्त्री घेताना वॉट नाही, तळाचं वजन बघा

माझ्या नव्या जड इस्त्रीच्या खोक्यावर 1000 वॉट हे ठळक अक्षरात आणि तळ अ‍ॅल्युमिनियमचा आहे हे कोपऱ्यात बारीक टायपात. माझं ऐकाल तर उलटं छापायला हवं होतं. मी घरी शिवणकाम करते, त्यामुळे इस्त्री दिवसभर हाताशी लागते. आधीची हलकी इस्त्रीसुद्धा हजार वॉटचीच होती. फरक आहे तो तळात.

लिननवर पाणी मारून इस्त्री टेकवली की चर्र आवाज येतो. हलकीचा आवाज शर्टाच्या पाठीच्या निम्म्यातच बसायचा, तळ निवून पुन्हा तापायला लागल्याचा लाल दिवा लागायचा, आणि ती उभी करून मी ताटकळायचे. ही जड इस्त्री अख्खी पाठ एका दमात काढते. दिवा लागतो तो बाहीला हात घातल्यावर.

आकडे मांडले की कोडं सुटतं. 25 अंशाच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला जवळपास 2,570 ज्यूल लागतात. पाठीवर दोन चमचे, म्हणजे 10 ग्रॅम पाणी मारलं तर 25,700. अ‍ॅल्युमिनियमची विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता) 0.9 ज्यूल, म्हणजे किलोभर तळ एक अंश उतरताना 900 ज्यूल देतो. हीटर क्षणभर विसरा: तेवढं पाणी उडवताना किलोचा तळ 28-29 अंशांनी उतरेल, अर्ध्या किलोचा 57 अंशांनी. 200 वरून 143 वर आलेली इस्त्री लिननवर नुसती फिरते, चुण्या तिथेच! हीटर भर घालतो, पण सेकंदाला फार तर हजार ज्यूल, आणि थर्मोस्टॅटला जाग येईपर्यंत तेवढेही नाहीत.

लोखंडाचा आकडा 0.45, तांब्याचा 0.385. सारख्या वजनात लोखंड निम्मीच उष्णता धरतं. (सारख्या जाडीचा तळ घेतला तर लोखंड पुढे जातं, पण वजन जवळजवळ तिप्पट. मनगट आपलं आहे.) त्यात अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता लोखंडापेक्षा चांगली पसरते, म्हणून टोकही मधल्या भागाइतकंच तापतं. कॉलरला चिकट बकरम (ती ताठ ठेवणारं आतलं कापड) लावताना याची खरी किंमत कळते. इस्त्री न सरकवता दाबून धरायची असते, आणि तेवढ्यात तळ निवला तर कडेला फुगे येतात. या इस्त्रीने बसवलेल्या कॉलरला धुतल्यावरही फुगा नाही.

आता तक्रारी. जी उष्णता धरून ठेवते ती सोडायलाही वेळ लावते. सुतीवरून नायलॉनवर यायचं तर नॉब फिरवून भागत नाही, चांगलं थांबावं लागतं. मी नायलॉन आधी उरकते, सुती शेवटी. तापायलाही घाई नाही: किलोभर अ‍ॅल्युमिनियम 25 वरून 200 ला न्यायला दीड लाखावर ज्यूल, म्हणजे हजार वॉटने अडीच मिनिटं तरी हवीत. एखाददुसरा रुमाल करायचा असेल तर हलकीच बरी.

नॉबवरचे आकडे लवकर पुसट होतात आणि वायर बोर्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचत नाही. तेवढ्यासाठी एक तारा कापला.