फिरत्या पाळीत मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. : दीड वर्षाचा अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत फिरत्या पाळीत नोकरी करून मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करतोय. पहिलं वर्ष पार पडलं, दुसरं निम्म्यावर आलंय. कॅन्टीनमध्ये पोरं सारखी विचारतात, "भाऊ, जमतं का खरंच?" म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जमतं. फक्त रोज रात्री दोन तास बसू, असला नेम पाळीवाल्याच्या कामाचा नाही. अभ्यास पाळीप्रमाणे बदलता ठेवावा लागतो.

आधी हिशेब मांडा. दूरस्थ शिक्षणात १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. तीन वर्षांच्या पदवीचे १२० क्रेडिट धरले तर ३,६०० तास, म्हणजे आठवड्याला साधारण २३. कारखान्याचे ४८ तास वेगळे, ओव्हरटाइम त्याहून वेगळा. एवढा वेळ दर आठवड्याला निघत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं. काही आठवडे भरपूर अभ्यास होतो, काही जवळपास कोरडे जातात.

माझ्यासाठी सगळ्यात सोन्याचा आठवडा सेकंड शिफ्टचा. रात्री उशिरा घरी येऊन झोपलं तरी सकाळी पोरं शाळेत गेली की जेवणापर्यंत घर शांत असतं. अकाउंट्सची गणितं मी याच आठवड्यात सोडवतो. फर्स्टला पहाटे उठावं लागतं, संध्याकाळी डोळे मिटायला लागतात. तेव्हा फक्त थिअरीचं वाचन. रात्रपाळीत नवीन धडा अजिबात उघडत नाही. सकाळी उन्हात घरी आलं की झोप उडते, म्हणून खिडकीला जाड पडदा लावलाय आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. उठल्यावर जमलं तर गृहपाठ लिहून काढायचा, बस.

विद्यापीठाच्या पुस्तकांबद्दल मनापासून चांगलं सांगावंसं वाटतं. ती एकट्याने शिकणाऱ्यासाठीच लिहिली आहेत. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्येमध्ये स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं. अर्धा तास मिळाला तरी एक तुकडा पुरा होतो आणि पुढच्या वेळी कुठून सुरू करायचं ते कळतं. घसारा, म्हणजे मशीन जुनं होतं तशी हिशेबात दरवर्षी कमी धरायची त्याची किंमत, मला इथे खरा समजला. १० लाखांच्या मशीनवर १० टक्के घसारा सरळ रेषेने, म्हणजे मूळ किमतीवर, दरवर्षी १ लाखच. घटत्या शिलकेने, म्हणजे उरलेल्या किमतीवर, पहिल्या वर्षी १ लाख, दुसऱ्या वर्षी ९० हजार, तिसऱ्या वर्षी ८१ हजार. ज्या व्हीएमसीवर (धातू कापणाऱ्या संगणकीय मशीनवर) मी उभा असतो तिची किंमत ऑफिसच्या वहीत कशी उतरत जाते हे कळलं, त्या दिवशी कामावर जाताना वेगळाच हुरूप होता.

अभ्यासकेंद्राचा अनुभव मात्र तितका बरा नाही. संपर्कसत्रं, म्हणजे केंद्रातले प्रत्यक्ष तास, रविवारी असतात हे ठीक, पण आमच्या केंद्रात सत्र रद्द झाल्याचं अनेकदा तिथे पोहोचल्यावरच कळायचं. रात्रपाळी करून, न झोपता आलेल्या माणसाला बंद दार दिसावं, याचा फार राग येतो. शेवटी आमच्यातल्याच एका ताईंनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. आता जो आधी पोहोचतो तो तिथे टाकतो.

खरी कसोटी परीक्षेची. वेळापत्रक हाती आलं की त्याच दिवशी सुपरवायझर साहेबांना त्याची झेरॉक्स आणि रजेचा अर्ज द्या. सगळ्या पेपरांना रजा मिळत नाही. बाकी दिवसांसाठी पाळीची अदलाबदल करावी लागते. मी दिवाळीत दोघांच्या पाळ्या उचलल्या, ते परीक्षेत माझ्यासाठी उभे राहिले. पेपरच्या आदल्या दिवशी रात्रपाळी नको, एवढं एक तरी पदरात पाडून घ्याच.

पदवीला किंमत आहे का, हा प्रश्न घरूनही येतो. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्याल तो यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण यादीत आहे ना, तेवढं फी भरण्याआधी बघा.

प्रवेश घेणार असाल तर केंद्र निवडताना घराजवळचं की कारखान्याजवळचं, यात मी कारखान्याजवळचं म्हणेन. गृहपाठ जमा करणं, हॉलतिकीट, सही-शिक्का, ही कामं ऑफिसच्या वेळेतच होतात, आणि ती फर्स्ट सुटल्यावर किंवा सेकंडला जाता-जाता उरकता येतात.