आडवा केलेला सीकॉक आणि आमचे 38,000 रुपये

विजयदुर्गच्या खाडीत आमची शिडाची बोट असते. 27 फुटी, जुनी, मेव्हण्याने आणि मी मिळून मुंबईच्या एका गृहस्थांकडून घेतलेली. दिवाळीपासून मेपर्यंत ती पाण्यात, पावसाळ्यात वर काढून ताडपत्रीखाली. घरची माणसं घेऊन कधी देवगड, कधी जयगडपर्यंत जातो. बायका बरोबर असल्या की बोटीवर पाय ठेवताच पहिली चौकशी संडासाची होते, आणि ती रास्तच आहे. त्या संडासाच्या हातपंपापायी आम्ही फसलो. नेमकं कसं, ते सगळं सांगतो, कारण हाच प्रकार आणखी लोकांच्या बाबतीत होतोय.

2024 च्या जानेवारीतली गोष्ट. पंप मारून भांडं रिकामं केलं की दहा-पंधरा मिनिटांत तळाशी थोडं मळकं पाणी परत येऊन बसायचं. दांडाही जड झाला होता. आमच्या खलाशाने खोबरेल तेल ओतून पाहिलं, दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. समुद्राचं पाणी मात्र पंप व्यवस्थित खेचत होता. हे लक्षात ठेवा.

ओळखीच्या एकाने एक कारागीर सुचवला. मोठमोठ्या यॉटची कामं करतो, गोव्याला वर्कशॉप आहे, असं त्याने स्वतःच सांगितलं. माणूस बोलायला गोड. बोटीवर आला, हातमोजे चढवले आणि म्हणाला, “काका, घाणीचं काम आहे, तुम्ही कशाला थांबता? वहिनींना घेऊन वर बसा.” आम्ही वर जाऊन बसलो. पाच मिनिटांनी हाक आली. खाली गेलो तर तो दांडा दाबून दाखवत होता. दांडा खाली दाबला की आपोआप वर उसळत होता आणि भांड्यात पाण्याचा थेंब नाही. “बघा, पंप पाणीच उचलत नाही. आतून सिलिंडर गेलाय. ह्याला रिपेअर नाही, नवाच टाकावा लागेल.”

आमची तक्रार होती पाणी परत येण्याची. हा दाखवत होता पाणी न येण्याची. दोन्ही गोष्टी वेगळ्या. त्या क्षणी ते डोक्यात यायला हवं होतं, पण वास, उकाडा, खाली वाकून उभं राहायला जागा नाही, आणि कधी एकदा वर जातो असं झालेलं.

झालं होतं ते असं. हा पंप दुहेरी काम करतो. दट्ट्या वर-खाली होताना एका बाजूने समुद्राचं पाणी ओढून भांड्यात सोडतो, दुसऱ्या बाजूने भांड्यातलं खेचून बाहेर ढकलतो. समुद्राचं पाणी आत येतं ते बोटीच्या तळाच्या भोकावर बसवलेल्या सीकॉकमधून, म्हणजे पाणी चालू-बंद करायच्या तोटीतून. त्याची मूठ पाइपच्या रेषेत असली की उघडा, आडवी असली की बंद. तो बंद असेल तर पंपाला ओढायला पाणीच मिळत नाही, पोकळी तयार होते आणि दाबलेला दांडा वर उसळतो. नवाकोरा पंपसुद्धा अगदी असाच वागेल. आम्हाला वर पाठवून त्याने बेसिनखालच्या कपाटातला तो सीकॉक आडवा केला होता. आमच्या खलाशाने फडकं काढताना मूठ आडवी पाहिलीही होती. पण कामासाठी बंद केला असेल असं समजून पोरगा बोलला नाही. त्याची चूक नाही, ज्या माणसाला आपणच कारागीर म्हणून आणलं त्याच्या हातावर कोण संशय घेणार?

नव्या पंपाचे 42,000 सांगितले. जुना पंप एक्स्चेंजमध्ये दिला तर 38,000. त्यातले 25,000 आगाऊ, तेही यूपीआयने. पैसे पाठवताना स्क्रीनवर आलेलं नाव त्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळं होतं. विचारलं तर “भावाचं खातं आहे” म्हणाला. बिल मागितलं तर “फिटिंग झाल्यावर देतो” म्हणून साध्या कागदावर आकडे लिहून दिले. जुना पंप पोत्यात घालून घेऊन गेला. नऊ दिवसांनी खोक्यातून चकचकीत पांढरा पंप आला, दांड्यावर नवी काळी मूठ. एका तासात बसवला. पाणी येत होतं, जात होतं, परत चढत नव्हतं. उरलेले 13,000 मी आनंदाने दिले. बिल व्हॉट्सॲपवर पाठवणार होता, ते कधी आलंच नाही.

एप्रिलमध्ये भांड्यात पुन्हा पाणी चढायला लागलं. ह्या वेळी मी आणि आमचे शेजारी तांडेल, दोघांनी मिळून पंप खोलला. आयुष्य मासेमारीत गेलेला माणूस, त्याला घाणीची किळस नाही. पाणी आत येणारा आणि घाण बाहेर जाणारा असे दोन्ही सीकॉक बंद केले, बादली खाली ठेवली, स्क्रू काढले. बाहेर जाणारा पाइप जिथे पंपाला जोडतो तिथे रबराची एक टोपी असते, चोचीसारखी चिरलेली. सगळे तिला जोकर व्हॉल्व्ह म्हणतात. बाहेर जाणाऱ्याला वाट देते आणि मागे मिटते. ती मिटतच नव्हती. तिच्या ओठांवर पांढरट, खडूसारखा कडक थर होता. लघवी आणि खारं पाणी एकत्र आलं की हा थर धरतो, पाइपमध्येही धरतो, आणि व्हॉल्व्ह उघडाच राहिला की पाइपमधलं पाणी हळूहळू भांड्यात उतरतं. रबर एका बाजूने फाटलेलं होतं. तीन महिन्यांत नवं रबर असं होत नाही.

मग तांडेलाने पंपाचं बूड उलटं केलं आणि माझ्याकडे बघितलं. बुडाला तीन ठिपके होते. आदल्या मे महिन्यात पंप पुसताना कुठली बाजू भिंतीकडे येते ते कळावं म्हणून मी स्वतः पंचने मारलेले. वर पांढरा रंग बसला होता, पण नख फिरवलं की खळगे लागत होते.

“भाऊ, हो नवो नाय. हो तुमचोच पंप असा,” तो म्हणाला.

ॲसिडने धुऊन, रंग मारून, मूठ बदलून आमचाच पंप आम्हाला 38,000 ला विकला होता. थर तात्पुरता निघाल्यामुळे तो दोन-अडीच महिने चालला. नवा जोकर व्हॉल्व्ह मी नंतर मागवला, कुरिअरसकट 1,900 रुपये पडले. दट्ट्याच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं, पाइपमध्ये पांढरं व्हिनेगर रात्रभर ठेवलं. आज दांडा एका बोटाने चालतो.

पैशाइतकाच दुसऱ्या एका गोष्टीचा संताप येतो. आमचं भांडं बोटीबाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. अशा बोटीत पाइप कमानीसारखा वर नेतात आणि कमानीच्या माथ्यावर हवा घेणारा बारीक व्हॉल्व्ह असतो, म्हणजे बाहेरचं पाणी आपोआप आत ओढलं जात नाही. तो मिठाने बुजला, जोकर फाटला आणि सीकॉक उघडा राहिला तर रात्रीत बोट भरू शकते. ह्या माणसाने कमानीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच बोटीत माझी नातवंडं झोपतात.

पाणी कुठून येतंय ते ओळखायला कारागीर लागत नाही. भांडं कोरडं करा, बाहेर जाणारा सीकॉक बंद करा आणि थांबा. तरी पाणी वाढतच राहिलं तर ते आत येणाऱ्या बाजूने येतंय, तो सीकॉक बंद केला की थांबेल. पंप मारल्यावर थोडंसंच येऊन थांबत असेल तर बहुतेक जोकरच. पाणी येतच नसेल तर आधी मूठ बघा, मग बोटीच्या तळाच्या भोकावरची जाळी. आमच्या खाडीत दोन महिन्यांत तिथे कालवं धरतात. आणि बाहेर जाणारा सीकॉक बंद असताना पंप कधीही मारू नका, पाइप निसटला तर सगळी घाण अंगावर.

त्या कारागिराला फोन केला. “काका, तुम्हाला त्यातलं काय कळतंय?” एवढं बोलून ठेवला, नंतर नंबर लागलाच नाही. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही हे तेव्हा कळलं, पण बिल नाही, नाव खरं नाही, पत्ता नाही. आमच्या हातात आहे एक कागद, यूपीआयची नोंद आणि तीन ठिपके. पैसे अजून आलेले नाहीत.

गेल्या महिन्यात जयगडहून एका ओळखीच्यांचा फोन आला. पंप पाणी उचलत नव्हता म्हणून एक्स्चेंजसाठी गोव्याला गेलाय, अर्धे पैसे दिलेत. मी विचारलं, त्याने पंप दाखवला तेव्हा सीकॉकची मूठ कशी होती? ते म्हणाले, “आम्ही वर होतो.” जुन्या पंपाचा फोटो आहे का, खूण आहे का, तेही नव्हतं. शेवटी आठवून म्हणाले, बुडाच्या एका स्क्रूची खाच झिजली आहे, तो नेहमी पकडीने काढावा लागतो. मी सांगितलं, पंप आला की उरलेले पैसे द्यायच्या आधी उलटा करा आणि तो स्क्रू बघा. रंगाखाली नख घालून बघा. आणि तो वर बसा म्हणाला तर बसू नका.