दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, सात महिने वापरून: आवाज झकास, यूएसबी पोर्ट डोक्याला ताप

परवा ऐन टेकमध्ये पोर्टनं मान टाकली म्हणून लिहायला बसलोय, नायतर एवढं टाइप करायचा कंटाळा. इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज यूएसबीनं कॉम्प्युटरात घेणारा डबा. मी सेकंडहँड घेतला, ४२०० ला, बेळगावातच.

आमचं काम म्हणजे रेगेच्या चालीवर चळवळीची गाणी, अर्धी मराठी अर्धी कन्नड. बेसवाला गोकाकचा, हलगीला निपाणीचे काका. दोघांची गट्टी जमली ती झीलवर, आपल्या पोवाड्यात जी जी, त्यांच्या कन्नड गीगी पदात गी गी, डफ-तुणतुणं दोन्हीकडं तेच. भांडण लागलं तालावर. रेगेच्या वन ड्रॉप ठेक्यात पहिली मात्रा मोकळी सोडायची, किक-स्नेअर हे दोन्ही ड्रम तिसरीवर, आणि काकांचा हात पहिलीवर पडल्याशिवाय राहतच नाही. "समेवर थाप न्हाई म्हंजे पंगतीत बसून पान रिकामंच की गा!"

पहिले दोन महिने हलगी मागं पडायली म्हणून मी इंटरफेसलाच शिव्या घातल्या, एक स्टार देणार होतो. नंतर बघतोय तर बफर (आवाजाचे किती नमुने साठवून मग पुढं सोडायचे ते) १०२४ वर, मीच ठेवलेला. सेकंदाला ४४,१०० नमुने (४४.१ किलोहर्ट्झ) म्हणजे आत येतानाच २३ मिलिसेकंद गेले, आणि हेडफोनमध्ये स्वतःचीच थाप उशिरा ऐकून काका अजून थांबायचे. १२८ वर आणला, डायरेक्ट मॉनिटर (आवाज कॉम्प्युटरातून न फिरता थेट हेडफोनात) चालू केला, झालं काम. शिव्या मागे घेतो. (पावसात हलगी सैल पडते त्याला मात्र कागद पेटवून शेकण्याशिवाय सेटिंग नाही.)

पण पोर्ट! केबलला नुसता धक्का लागला की कट. निपाणीचं कडवं घेत होतो, १९८१ ला तंबाखूवाले शेतकरी हायवेवर बसले, गोळीबार झाला, ते. (बेसवाला म्हणतो त्याच वर्षी मे महिन्यात रेगेवाला बॉब मार्ली गेला, त्याला त्याचंच पडलेलं.) काका तेव्हा पोरगेलेसे, रस्त्यावर बसलेल्यांना भाकऱ्या पोचवायचे. एरवी त्यावर बोलत नाहीत, त्या दिवशी गायले, डोळे मिटून, आणि बरोबर भाकरी या शब्दावर लाइट गेली इंटरफेसची. परत घेऊया म्हटलं, घेतलं पण, पण तो आवाज काय लागला नाही.

सर्व्हिसवाल्याकडं हुबळीला गेलो तर पोरानं उघडूनसुद्धा बघितलं नाही, "आगंगिल्ल (होणार नाही) सर, बोर्डच बदलायचा, ३४००." अरे ४२०० च्या डब्याला ३४००? परत आलो, खडेबाजारात मोबाइल दुरुस्तीवाल्यानं सोल्डर मारून दिला, दीडशे रुपये, वर चहा त्याचाच. तेव्हापासून कट नाही, तरी केबल रबर बँडनं बांधूनच ठेवलीय.

चार स्टार देणार होतो, तीनच देतो. दीडशेचं काही नाही, हुबळीच्या पेट्रोलचे साडेपाचशे कोण देणार?