ऑनलाइन अर्थमिती: रेकॉर्डेड कोर्स घ्यावा की लाइव्ह?

उपयोजित सांख्यिकी आणि अर्थमिती (इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे आर्थिक प्रश्नांची उत्तरं डेटातून शोधण्याचं शास्त्र) पदव्युत्तर पातळीवर ऑनलाइन शिकायची, एवढं ठरलं की समोर पर्यायांची रांग लागते. जरा खोलात गेलं की त्यातले बहुतेक दोनच प्रकारांत बसतात. एका प्रकारात सगळी लेक्चर्स आधीच रेकॉर्ड केलेली असतात, आपण आपल्या वेगाने पुढे जायचं आणि असाइनमेंट संगणक तपासतो. दुसऱ्यात ठरलेल्या वेळी लाइव्ह वर्ग भरतो, एक बॅच सोबत पुढे सरकते आणि असाइनमेंट कोणीतरी माणूस वाचतो. मी सुरुवातीचे विषय पहिल्या पद्धतीने केले आणि उरलेला अभ्यासक्रम दुसऱ्या पद्धतीने पूर्ण केला. त्यामुळे पुढचं सगळं स्वतःच्या अनुभवावरचं आहे. दुसऱ्या कोणाचा अनुभव वेगळा असू शकतो.

विषयांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून तुलना करण्यात फार वेळ घालवू नका. संभाव्यता, अनुमान, रिग्रेशन (एका चलाचा बाकीच्या चलांशी असलेला संबंध आकड्यात मांडणं), पॅनल डेटा, इन्स्ट्रुमेंट, डिफरन्स-इन-डिफरन्सेस, टाइम सिरीज ही नावं सगळीकडे तीच असतात. मी एकच गोष्ट तपासेन. एखादं धोरण वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या वर्षी लागू झालं असेल, तर नेहमीचं दुहेरी फिक्स्ड इफेक्ट्सचं (ठिकाणाठिकाणांतला आणि वर्षावर्षांतला फरक वजा करणारं) रिग्रेशन काही तुलनांना चक्क ऋण भार, म्हणजे वजा चिन्हाचं वजन, देऊ शकतं, आणि मग सगळीकडे परिणाम धन असूनही एकत्रित आकडा ऋण येऊ शकतो. हे गेल्या काही वर्षांत नीट स्पष्ट झालं आणि प्रत्यक्ष संशोधनाची पद्धतच त्यामुळे बदलली. आठ-दहा वर्षांपूर्वी चित्रित झालेल्या लेक्चरमध्ये ते असणार नाही, आणि एकदा चित्रित झालेलं लेक्चर सहसा कोणी पुन्हा चित्रित करत नाही. लाइव्ह वर्गात आमच्या प्राध्यापकांनी त्यासाठी एक अख्खं सत्र दिलं होतं.

पण रेकॉर्डेडची बाजूही भक्कम आहे, आणि ती मी मनापासून मांडतो. सिद्धता शिकायला तिच्यासारखी सोय नाही. फ्रिश आणि वॉ यांनी १९३३ मध्ये मांडलेलं आणि लव्हेल यांनी १९६३ मध्ये विस्तारलेलं प्रमेय घ्या. अनेक चलांच्या रिग्रेशनमधला एखाद्या चलाचा गुणांक वेगळ्या वाटेनेही काढता येतो: त्या चलातून आणि परिणामचलातून बाकीच्या चलांचा प्रभाव काढून टाकायचा आणि उरलेल्या अवशेषांचं आपसात रिग्रेशन करायचं. फळ्यावर हे दहा मिनिटांत संपतं. मी व्हिडिओ थांबवला, शेजारी आर हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर उघडलं, हाताशी असलेल्या डेटावर दोन्ही मार्गांनी गुणांक काढला आणि तो शेवटच्या दशांशापर्यंत जुळलेला पाहिला. मग मागे जाऊन सिद्धता परत ऐकली. ‘बाकी सगळं स्थिर ठेवून’ या नेहमीच्या शब्दांमागे नेमकं काय घडतं, ते त्या संध्याकाळी डोक्यात पक्कं बसलं. लाइव्ह वर्गात असं थांबता येत नाही. ज्यांचं मॅट्रिक्स बीजगणित गंजलंय त्यांना तर ही मुभा फारच मोलाची वाटेल.

सॉफ्टवेअरवरून निर्णय घेऊ नका. आर, स्टाटा, पायथन यांपैकी एक येत असलं की दुसरं महिन्याभरात हाताला लागतं.

आता मला ज्याचा खरा त्रास झाला, ती गोष्ट. रेकॉर्डेड कोर्समधल्या असाइनमेंटला उत्तराची चौकट असते. त्यात आकडा भरायचा, तीन दशांशांपर्यंत. जुळला तर हिरवी खूण, नाही तर लाल. सांख्यिकीच्या पायाभूत भागात हे चालून जातं, कारण तिथे उत्तर बहुधा एकच असतं. अर्थमितीत शिरलं की मात्र ही चौकट आड येऊ लागते.

एका प्रश्नात पन्नास निरीक्षणांचा छोटा डेटा दिला होता आणि एका गुणांकाची रोबस्ट स्टँडर्ड एरर विचारली होती (स्टँडर्ड एरर म्हणजे अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप). हेटेरोस्केडॅस्टिसिटी असताना, म्हणजे त्रुटींचा पसारा सगळीकडे सारखा नसताना, वापरायची ही दुरुस्ती १९८० मध्ये व्हाइट यांच्या लेखामुळे सर्वांच्या हाती आली. पुढे लहान नमुन्यांसाठी तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या आणि त्यांना एचसी१, एचसी२, एचसी३ अशी नावं पडली. स्टाटात ‘रोबस्ट’ म्हटलं की एचसी१ मिळतं. आरमधल्या सँडविच पॅकेजला काहीच सांगितलं नाही तर ते एचसी३ देतं. पन्नास निरीक्षणं आणि पाच गुणांक असतील तर एचसी१ व्हाइट यांच्या मूळ दुरुस्तीतल्या व्हेरिअन्सला (स्टँडर्ड एररच्या वर्गाला) पन्नास भागिले पंचेचाळीस, म्हणजे साधारण १.११ ने गुणतं. हा गुणक सगळ्या निरीक्षणांना सारखाच लागू होतो. एचसी३ प्रत्येक अवशेषाला त्या निरीक्षणाच्या लिव्हरेजप्रमाणे, म्हणजे ते रेषेला किती ओढू शकतं त्याप्रमाणे, फुगवतं. डेटात एखादं टोकाचं निरीक्षण असेल तर दोन उत्तरांत चांगलाच फरक पडतो, आणि या डेटात तसं निरीक्षण होतं.

मी आर वापरत होतो. चौकट लाल झाली. प्रश्नात कोणती आवृत्ती हवी, ते लिहिलेलं नव्हतं. लेक्चरमध्येही तिचा उल्लेख नव्हता. एचसी१ टाकून पाहिलं आणि हिरवी खूण आली. एक गुण गेला त्याचं मला काही वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की त्या प्रश्नात शिकण्यासारखं जे होतं, ते चौकटीबाहेरच राहिलं. नमुना लहान आहे, एक निरीक्षण रेषेला आपल्याकडे ओढतंय, अशा वेळी कोणती स्टँडर्ड एरर जास्त सावध ठरेल आणि का? लहान नमुन्यात सहसा एचसी३ कडे कल ठेवतात, तो याच कारणासाठी. मी हे चर्चेच्या पानावर मांडलं, तर उत्तर आलं की अपेक्षित आकडा कोर्समध्ये ठरलेला आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी तिथेच पुढे शिकत राहिलो असतो. पण विषय जसजसा इन्स्ट्रुमेंटकडे (कारण मानलेल्या चलाला हलवणारा, पण परिणामावर थेट प्रभाव नसलेला बाहेरचा घटक) सरकला, तसतशी चौकट आणखी तोकडी पडू लागली. शिक्षणाच्या एका जादा वर्षाने वेतन किती वाढतं, या प्रश्नासाठी घराजवळ कॉलेज असणं हे इन्स्ट्रुमेंट म्हणून वापरलेलं प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेतल्या ३,०१० तरुण पुरुषांचं १९७६ मधलं वेतन त्यात आहे आणि तो डेटा आजही अनेक वर्गांत वापरतात. साध्या रिग्रेशनमध्ये एका वर्षाचा परतावा साधारण साडेसात टक्के येतो. इन्स्ट्रुमेंट वापरल्यावर तो तेरा टक्क्यांच्या आसपास जातो. चौकटीला हे दोन आकडे हवे असतात, आणि योग्य कमांड दिली की ते कोणालाही मिळतात.

हाच डेटा पुढे लाइव्ह कोर्समध्ये आला, तेव्हा मी आकडे काढून दीड पान विवेचन लिहिलं. ते परत आलं तेव्हा टीएनं (असाइनमेंट तपासणाऱ्या सहायक शिक्षकानं) समासात दोनच ओळी लिहिल्या होत्या: ‘तुमच्या अंदाजाचा कॉन्फिडन्स इंटरव्हल किती? साध्या रिग्रेशनचा आकडा त्यात बसतो का?’ हिशेब करून पाहिला. स्टँडर्ड एरर ०.०५५ च्या, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्यात असावा असं धरतात तो पट्टा, सुमारे अडीच टक्क्यांपासून चोवीस टक्क्यांपर्यंत पसरतो. साडेसात त्यात आरामात बसतो. तेरा आणि साडेसात यांतल्या फरकाची कारणं लावण्याआधी तो फरक या डेटातून दिसतो तरी का, हे विचारायला हवं. ही सवय मला त्या दोन ओळींनी लागली आणि ती आजवर टिकली आहे.

पुढच्या लाइव्ह सत्रात अर्धा तास याच असाइनमेंटवर गेला. कॉलेजजवळ राहणारी कुटुंबं बाकी बाबतींतही वेगळी असतील का? जवळ कॉलेज असतं ते बऱ्याचदा शहरात, आणि शहरात वेतनही जास्त असतं, मग शहर आणि प्रदेश नियंत्रणात घेतल्यावर किती शंका उरते? पहिल्या टप्प्याचा एफ, म्हणजे इन्स्ट्रुमेंट शिक्षणाशी किती घट्ट जोडलेलं आहे त्याचं माप, साधारण तेरा येतो. दहाच्या वर असावा, हा १९९७ पासून चालत आलेला संकेत तो पाळतो खरा, पण तेवढ्याने निश्चिंत व्हावं का? आणि हा तेरा टक्के परतावा नेमका कोणाचा? जवळ कॉलेज होतं म्हणूनच जे पुढे शिकले, त्यांचाच ना? यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर दशांशात लिहिता येत नाही. माझ्या मते तरी अर्थमिती म्हणजे मुख्यतः हेच प्रश्न आहेत. इन्स्ट्रुमेंट फक्त शिक्षणाच्या वाटेनेच वेतनावर परिणाम करतं, हे गृहीतक डेटावरून सिद्ध होत नाही, त्यासाठी युक्तिवादच करावा लागतो. युक्तिवाद पारखायला समोर तो वाचणारं कोणीतरी हवं.

लाइव्हमध्ये सगळं गोडच असतं असं नाही. दिवसभर काम करून रात्री वर्गाला बसायचं, तेव्हा मॅट्रिक्सची पाटी समोर नुसती सरकत राहते. एक सत्र चुकलं तर पुढची दोन जड जातात. टीएची टिपणं यायला कधी कधी इतका वेळ लागतो की तोवर पुढचा विषय सुरू झालेला असतो. गटाने करायच्या प्रकल्पात कामाची वाटणी सारखी होतेच असं नाही. आणि सगळेच टीए मन लावून वाचत नाहीत. मला चांगले लाभले, हा नशिबाचाही भाग असेल.

तरीही कोणी मला विचारलं, तर मी असं सुचवेन. नोकरीत डेटा हाताळायचा आहे, रिग्रेशन नीट चालवून त्याचा अर्थ लावता यावा एवढीच गरज आहे, आणि वेळेचा भरवसा नाही, तर रेकॉर्डेड कोर्स पुरेल. तो शिस्तीने पूर्ण केलेल्या माणसाचा पाया लाइव्हवाल्यांपेक्षा पक्का असू शकतो. पण प्रबंध लिहायचा असेल, धोरणावर मत द्यायचं असेल, किंवा आपल्या अंदाजाचं कोणासमोर समर्थन करावं लागणार असेल, तर निदान अर्थमितीचे विषय तरी लाइव्हमध्ये करा. शक्य असेल त्यांनी संभाव्यता आणि सांख्यिकीचा पाया रेकॉर्डेडमध्ये घालावा आणि इन्स्ट्रुमेंट, पॅनल, डिफरन्स-इन-डिफरन्सेस यांसाठी लाइव्हकडे यावं. मला आज निवड करायची असती तर मी हेच केलं असतं. मात्र एकीकडची क्रेडिट्स दुसरीकडे धरतील का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. तोंडी आश्वासनावर राहू नका.

आणि नाव नोंदवण्याआधी दोन्हीकडे एकच मागणी करा: मागच्या बॅचमधली, नाव काढून टाकलेली, तपासून परत दिलेली एखादी असाइनमेंट दाखवा म्हणा. समासात काय लिहिलंय ते वाचा. फक्त गुण असतील तर काय मिळणार ते कळेल. ‘हे गृहीतक का मानायचं?’ असा एखादा प्रश्न दिसला, तर फी थोडी जास्त असली तरी मी तिथे जाईन.