गावातलं फायबर कनेक्शन, दीड वर्ष वापरून: साडेतीन स्टार

दीड वर्ष झालं घरी फायबर येऊन, आणि तेवढेच दिवस सेवा केंद्रावर पण त्याच लाइनवर काम करतेय, म्हणून म्हटलं आता लिहावं. भारतनेटची, म्हणजे गावोगावच्या पंचायतींना फायबरने जोडायच्या केंद्राच्या योजनेची, केबल ग्रामपंचायतीपर्यंत आलीय आणि तिथून पुढे घरोघरी गावातला ऑपरेटर कनेक्शन देतो, त्या सर्व्हिसबद्दल हे आहे. ऑपरेटरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कोणाला खाली पाडायचं म्हणून मी लिहायला बसले नाही. पण आपल्या गावात लाइन आलीय, घ्यावी का नको असं ज्यांचं चाललंय त्यांना खरं काय ते कळलं पाहिजे.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच खूप आहे. लातूर जिल्ह्यातलं आमचं गाव, माझं केंद्र बसस्टँडजवळ. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, ई-केवायसी, पोरापोरींचे स्कॉलरशिपचे फॉर्म, सगळं ऑनलाइन. फायबर यायच्या आधी हे सगळं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करायचे आणि मोबाईल खिडकीच्या गजाला रुमालाने बांधून ठेवायचे कारण तिथंच दोन कांड्या रेंज यायची, टेबलावर आणला की गेली. पाहायला सगळं उघडायचं, व्हिडिओ पण चालायचा, पण बँकेच्या पासबुकचा फोटो अपलोड करायला गेलं की ते चाक फिरतच राहायचं आणि मधेच पेज लॉगआउट. मग परत पहिल्यापासून. बाहेर बाकड्यावर माणसं बसलेली, एखादी बाई रोज बुडवून आलेली, तिला "उद्या या" म्हणताना मला कसं वाटायचं ते मलाच माहीत.

आता तोच फॉर्म एका दमात जातो. सर्वात सुखाची गोष्ट हीच, स्पीडचा आकडा नाही. माझा प्लॅन ३० एमबीपीएसचा आहे, ३९९ रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी धरून ४७१ पडतात. टेस्ट लावली की सकाळी २७-२८ दाखवतं, रात्री नऊनंतर गाव सगळं सीरियल आणि मॅच बघायला बसलं की १२-१४ वर येतं. ते येणारच, कारण एकाच फायबरमधला उजेड स्प्लिटर लावून अनेक घरांना वाटलेला असतो, मला त्याची तक्रार नाही. घेताना सगळे डाउनलोडचंच विचारतात, तुम्ही अपलोड किती ते आधी विचारा. सरकारी व्याख्येत २०२३ च्या जानेवारीपासून कमीत कमी २ एमबीपीएस डाउनलोड असलं की ते ब्रॉडबँड, त्याच्या आधी तर ५१२ केबीपीएसलाच ब्रॉडबँड म्हणायचे. म्हणजे माझा तो रुमालाने बांधलेला मोबाईल पण चांगल्या दिवशी त्या मापात बसला असता. काम होतंय का नाही हे त्या मापात कुठंच दिसत नाही.

लावायला आलेला पोरगा शेजारच्याच गावचा, आयटीआय केलेला, हाताने फार नीट. खांबावरून वायर आणली, भिंतीत भोक पाडताना खाली पेपर पसरला, आणि मग ओसरीत मांडी घालून ती केसासारखी काचेची तार जोडायला बसला. वरचं प्लॅस्टिक सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, एका छोट्या कटरने अगदी सरळ कापायचं, मग मशिनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर. स्क्रीनवर दोन जाड नळ्यांसारखी दिसतात, एक ठिणगी उडते आणि झालं, जोडच दिसत नाही कुठं. माझी सासू पण बघत बसली होती. मग त्याने मीटर लावून आत उजेड किती पोचतोय ते दाखवलं, मायनस १९. म्हणाला, "ताई हा आकडा लक्षात ठेवा, मायनस २७ च्या पुढे गेला की समजायचं लाइन कुठंतरी वाकली नाहीतर जोड सैल झाला." हा आकडा मी राउटरच्या डब्यावरच पेनाने लिहून ठेवलाय आणि तुम्ही पण लावून घेताना विचारून लिहून ठेवा, पुढे भांडायला तोच कामाला येतो.

आता जे वाईट ते.

गेल्या पावसाळ्यात, जुलैमध्ये, पीक विम्याची गर्दी चालू असताना डब्यावरचा लॉसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लागला आणि अकरा दिवस लाल राहिला. अकरा. पहिल्या दिवशी ऑपरेटरला फोन केला तर "वरूनच बंद आहे". दुसऱ्या दिवशी तेच. मी तालुक्याच्या नंबरवर फोन लावला तर तिथला माणूस म्हणाला आमच्याकडून सिग्नल जातोय, तुमच्या गावातच काहीतरी असेल. परत ऑपरेटर, परत "वरून बंद". चौथ्या दिवसापासून ऑपरेटरने फोनच उचलला नाही आणि हे मला सगळ्यात लागलं, कारण नाही म्हणाला असता तरी चाललं असतं, मी लोकांना काहीतरी सांगितलं असतं. खालच्या वस्तीवरचे एक आण्णा, सत्तरीच्या पुढचे, चिखलातून तीनदा चालत आले. तिसऱ्या वेळी मी म्हटलं आण्णा तुम्ही तालुक्याला जाऊन करून या, तर म्हणाले, "जाण्यायेण्याला शंभर लागतेत ताई, आन् तिथं बी लाइन लागलेलीच हाय." शेवटी मी परत मोबाईल गजाला बांधला आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून फॉर्म भरले, कारण रात्री टॉवरवर गर्दी नसते. आण्णांचा भरला. सगळ्यांचे नाही झाले.

बाराव्या दिवशी दोघं जण एक मशीन घेऊन आले, ते एका टोकाला लावलं की आत उजेड सोडतं आणि परत आलेल्या उजेडावरून किती लांब तुटलंय ते सांगतं. दोन किलोमीटर तीनशे मीटर दाखवलं. गेलो तर बरोबर तिथंच, ओढ्याच्या पुलाजवळ, पाण्याच्या पाइपलाइनचं खोदकाम झालेलं आणि जेसीबीच्या दातात येऊन केबल तुटलेली, वर माती पण ओढून टाकलेली. जोडायला पाऊण तास लागला. पाऊण तासाचं काम अकरा दिवस पडून राहिलं कारण ते कोणाचं काम हेच ठरलेलं नव्हतं. बिल मात्र त्या महिन्याचं पूर्ण आलं, भांडून १५० रुपये कमी करून घेतले.

त्यानंतर मी ह्या सगळ्याचं वाचायला लागले आणि मग कळलं की आमच्या गावाची गोष्ट तीच देशाची गोष्ट आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने ही योजना मंजूर केली, तेव्हा नाव राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क होतं, अडीच लाख ग्रामपंचायतींना केबलने जोडायचं आणि ते पण दोन वर्षांत. राजस्थानातलं अराइन, आंध्रातलं परवाडा आणि त्रिपुरातलं पानीसागर अशा तीन ब्लॉकमध्ये आधी करून बघितलं. २०१५ मध्ये नाव भारतनेट झालं आणि पहिल्या एक लाख पंचायती व्हायलाच २०१७ चा डिसेंबर उजाडला. २०१८ च्या केंद्राच्या टेलिकॉम धोरणात तर २०२२ पर्यंत प्रत्येकाला ५० एमबीपीएस असं लिहिलं होतं. आता २ लाख १४ हजारांच्या आसपास पंचायती जोडून तयार आहेत म्हणतात आणि हे काम छोटं नाही, डोंगर, जंगल, नद्या ओलांडून केबल नेलीय, मी ते मनापासून मानते. पण पंचायतीच्या खोलीत फायबरच्या मशिनांचं कपाट आलं म्हणजे बाकड्यावर बसलेल्या बाईचा फॉर्म भरला असं होत नाही. आमच्याकडे पण कपाट आधी आलं आणि त्यानंतर किती वर्षं ते कुलपातच होतं, बॅटरी उतरलेली, वर पंचायतीच्या जुन्या फायली ठेवलेल्या.

आणि मूळ आखणीतच एक गोष्ट राहून गेली होती असं मला वाटतं. तालुक्यापासून पंचायतीपर्यंत केबल सरळ रेषेत नेलेली, झाडाच्या फांदीसारखी. मधे एक ठिकाणी तुटली की पुढची सगळी गावं बंद. जमिनीत १६५ सेंटिमीटर खोल टाकायचा नियम, पण रस्ता रुंद होतो, पाइपलाइन येते, आणि खोदणाऱ्याला खाली काय आहे ते माहीत नसतं. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलंय, खोदायच्या आधी त्यात नोंद करायची म्हणजे केबलवाल्याला कळतं. चांगली सोय आहे. आमच्या ओढ्यावर जेसीबी चालवणाऱ्या पोराला मी विचारलं, त्याने नाव पण ऐकलेलं नव्हतं. तुमच्या गावात काम सुरू व्हायच्या आधी सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना हे सांगा, एका फोनवर पुढचे अकरा दिवस वाचतील.

आता ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेट मंजूर झालंय, १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचं. माझा जीव कशावर आहे सांगू का? दोन गोष्टींवर. एक म्हणजे रिंग, केबल गोल फिरवून आणायची म्हणजे एकीकडे तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेट चालू राहतं. आणि दुसरं, जो टाकणार त्यानेच पुढे वर्षानुवर्षं सांभाळायचं हे एकाच कंत्राटात घातलंय. "वरून बंद आहे" ह्याला उत्तर हेच आहे, रिंग आणि सांभाळणारा एकच माणूस. आमच्याकडे रिंगचं काम अजून व्हायचंय, झालं की मी इथंच येऊन लिहीन. पैसा कुठून येतो ते पण लोकांना माहीत पाहिजे, टेलिकॉम कंपन्यांच्या कमाईतले ५ टक्के सरकारच्या एका निधीत जातात, त्यातून ही योजना चालते, आधी त्याला यूएसओ फंड म्हणायचे, आता डिजिटल भारत निधी. म्हणजे तुमच्या-माझ्या रिचार्जमधूनच. म्हणून सर्व्हिस नीट मागायला लाजू नका.

पैशाबद्दल. ४७१ मला परवडतात कारण माझा धंदाच त्याच्यावर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने एक माप ठेवलंय, सगळ्यात साधं कनेक्शन डोईमागच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत पाहिजे. मी आपला घराचा हिशोब करून बघितला, ४७१ हे दोन टक्के व्हायचे तर घरात महिन्याला साडेतेवीस हजार यायला पाहिजेत. आमच्या गल्लीत किती घरांत येतात ते मी बोटावर मोजून सांगू शकते. आणि इथं पैसा महिन्याला येतच नाही, सोयाबीन विकल्यावर येतो. माझ्या समोरच्या घरात दोन मुली कॉलेजला आहेत, तिसऱ्या महिन्यात बिल थकलं आणि कनेक्शन कापलं. सहा महिन्यांचं एकदम, माल विकल्यावर भरायची सोय ठेवली असती तर ते घर आजही चालू असतं, हे मी ऑपरेटरला तोंडावर सांगितलंय.

ज्यांना पूर्ण कनेक्शन झेपत नाही त्यांच्यासाठी पीएम-वाणी आहे, डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली. किराणावाला, चहावाला कोणीही दुकानात वायफाय लावून थोडं थोडं विकू शकतो, त्याला लायसन्स लागत नाही. अडचण अशी होती की दुकानदाराला वायफायसाठी कंपनीकडून घ्यायची लाइनच महाग पडायची, म्हणून जून २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ठरवून दिलं की २०० एमबीपीएसपर्यंतच्या लाइनला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. मी आता केंद्रावर हेच लावायचं बघतेय, समोरच्या त्या दोन मुलींना माझ्या ओट्यावर बसून अभ्यास करता येईल. संध्याकाळी तसं पण केंद्र रिकामं असतं.

घ्यायचं का? घ्या. फक्त घ्यायच्या आधी ऑपरेटरला स्प्लायसिंग मशीन, म्हणजे ती काचेची तार जोडायचं मशीन, स्वतःचं आहे का भाड्याने आणतो ते विचारा. भाड्याने असलं की तीन गावांचं एकदम काम जमेपर्यंत तो येत नाही, हे मी अनुभवाने सांगते. छोटा इन्व्हर्टर पण घ्या राउटरसाठी, लाइट गेल्यावर फायबर चालू असून उपयोग नाही.

हे सगळं मी तीन स्टार देऊन लिहून ठेवलं होतं. परवा दुपारी तीनला परत लाल दिवा लागला, माझ्या पोटात गोळाच आला. फोन लावला, उचलला. संध्याकाळी सात वाजता तोच पोरगा पावसात भिजत आला, वस्तीजवळच्या खांबावर चढला, त्याच्या बायकोने खालून टॉर्च धरला होता, साडेआठला दिवा हिरवा. मीटरवर मायनस २०. म्हणाला, "ताई, मशीन घेतलंय आता, हप्त्यावर." म्हणून साडेतीन.