परत न आलेल्यांच्या भूतकथा: तीन चित्रपटांतून एकाची निवड

अब्दालीशी झालेल्या युद्धात आधी बुराडी घाटावर दत्ताजी आणि मग पानिपतानंतर जनकोजी शिंदे गेले, आणि पानिपतावर भाऊसाहेब गेले हे त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत मानले नाही, हे ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकिवात आहे. त्यामुळे तेथील लष्कर नावाच्या भागातील एखाद्या मंडळाला युद्ध आणि वियोग या विषयावर एका संध्याकाळी एकच भूतपट दाखवायचा असेल, तर तो किती घाबरवतो यापेक्षा गेलेल्या माणसाचे दुःख किती खरेपणाने सांगतो, हीच कसोटी मी लावीन.

गिलेर्मो देल तोरो यांचा ‘द डेव्हिल्स बॅकबोन’ (२००१) स्पॅनिश यादवी युद्धाच्या शेवटी, १९३९ साली, एका अनाथाश्रमात घडतो. अंगणात न फुटलेला बॉम्ब रुतून उभा आहे. सांती नावाच्या मृत मुलाच्या डोक्यातील रक्त खाली न ओघळता, पाण्यात विरावे तसे वर तरंगत जाते आणि त्याचा अंत कोठे झाला ते त्यातूनच उमगते. चित्रपट उत्तम आहे. मात्र त्यातील हिंसा लहान मुलांसमोर दाखवण्याजोगी नाही.

आलेहान्द्रो आमेनाबार यांचा ‘द अदर्स’ (२००१) १९४५ च्या जर्सी बेटावरचा आहे. युद्धावर गेलेल्या पतीची वाट पाहणारी ग्रेस पाहताना पार्वतीबाईंची आठवण होतेच. तरीही सारी मांडणी शेवटच्या रहस्यावर बेतलेली असल्याने, प्रेक्षक घरी जाताना त्या उलगड्याबद्दल बोलतात आणि ग्रेसचे दुःख मागे पडते.

माझी निवड केन्जी मिझोगुची यांच्या ‘उगेत्सु’ची (१९५३) आहे. सोळाव्या शतकातील जपानमधील यादवीत गेन्जुरो हा कुंभार भांडी विकून पैसा करण्याच्या नादात बायको मियागी आणि लहान मुलाला मागे ठेवून जातो, आणि उपाशी सैनिक अन्नासाठी तिच्यावर भाला चालवतात. तो रात्री परततो तेव्हा घर अंधारे आणि रिकामे असते. हाका मारीत तो मागच्या दाराने बाहेर पडून घराला वळसा घालतो. कॅमेरा आतच राहून, मध्ये कोठेही न तुटता, मागे फिरतो, आणि आता चुलीत विस्तव असतो व मियागी रांधत बसलेली असते. ती त्याला जेवू घालते, आणि तो मुलाजवळ झोपी गेल्यावर दिव्यापाशी त्याचे कपडे सांधत जागी राहते. सकाळी ती नसते. ही मृत स्त्री कोणाला भिववत नाही, अपुरे राहिलेले घरकाम उरकते. युद्धाने नेमके काय नेले ते मला इतके स्पष्ट इतरत्र दिसलेले नाही.

संवाद जपानी असल्याने, सबटायटल वाचणे ज्येष्ठांना जड जात असेल तर खेळाआधी कथासूत्र मराठीत सांगून टाकावे. शेवट आधी कळल्याने या चित्रपटाचे काहीच बिघडत नाही.